पोट घेऊन या, पिस्तूल नको

सकाळचा चहा झाला की सिस्टर ओटीवर येत आणि रांगेने निजवलेल्या रुग्णांवरून एक नजर फिरवत. हे रुग्ण तळहाताएवढे लांब, काळ्या धातूचे, आणि उचलल्यावर दिसण्यापेक्षा बरेच जड लागणारे असत. निवृत्तीच्या वेळी इस्पितळातून मिळालेल्या एका जुन्या स्टीलच्या ट्रेमध्ये, स्वच्छ गॉजवर, त्यांना आडवे ठेवलेले असे. सिस्टर एकेकाला उचलत, कानाशी धरत आणि निदान सांगत.

"ह्याचं वरचं झाकण गेलं. ह्याची तळाची कडी सुकली. आणि ह्याला काही झालेलं नाय. ह्याच्या मालकाला झालंय."

मी त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून राहायला गेले, तेव्हा हे रुग्ण म्हणजे नेमके काय हे विचारण्याचे धैर्य मला कित्येक दिवस झाले नाही. पुढे कळले ते असे. एअरसॉफ्ट पिस्तूल नावाचे एक खेळण्यातले पिस्तूल मिळते. वजनाने आणि रूपाने ते खरे म्हणून सहज खपते. त्याच्या मुठीत एक धातूचा डबा सरकवायचा असतो. त्याला मॅगझिन म्हणतात. डब्याच्या वरच्या भागात प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या आणि खालच्या भागात दाबून भरलेला गॅस. घोडा ओढला की गॅसच्या जोराने गोळी सुटते आणि पिस्तुलाची वरची बाजू खटकन मागे जाऊन पुढे येते. मुंबईची मुले हा खेळ युद्ध समजून खेळतात म्हणे. रत्नागिरीत मात्र ही पिस्तुले आली ती वानरांसाठी. आंब्याच्या कलमांवर वानरांची टोळी उतरली की बागायतदार झाडाशेजारी टांगलेल्या पत्र्यावर गोळ्या झाडतात, पत्रा ताडताड वाजतो, आणि टोळी शेजाऱ्याच्या बागेत जाते. शेजाऱ्याकडेही पिस्तूल असल्यास ती परत येते.

डब्यात रबराच्या लहान लहान कड्या असतात. खाऱ्या हवेत आणि उन्हात त्या सुकतात आणि गॅस गळू लागतो. शेजारचे बागायतदार भाऊ असे एक गळके मॅगझिन विहिरीत टाकायला निघाले असताना सिस्टरांनी त्यांना दोन घरांमधल्या गडग्यावरून हाक मारली होती. "काय ते बघू. आमच्या ब्लडप्रेशरच्या यंत्राचा फुगा असाच गळायचा." सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या त्या बाईंनी ते मॅगझिन चिमट्याने उघडले, कडी बदलली, आणि भाऊंच्या पत्र्याला पुन्हा कंठ फुटला. तेव्हापासून पूर्णगडापासून राजापुरापर्यंतचे बागायतदार त्यांच्या ओटीवर येऊ लागले.

मॅगझिनला त्या मॅगझिन म्हणत नसत. 'पोट' म्हणत. "गॅस धरतं ते पोट. त्याला दुसरं नाव कशाला?" आणि फाटकावर त्यांनी स्वतः रंगवलेली एक पाटी होती: पोट घेऊन या, पिस्तूल नको. हा नियम त्या कमालीच्या कडकपणे पाळत. पिस्तुलाला त्यांनी कधीही हात लावला नाही. ते घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. एकदा एक गृहस्थ पिस्तूल हातात घेऊनच ओटीवर चढले, तेव्हा सिस्टरांनी दार लावून घेतले आणि खिडकीतून त्यांच्याशी बोलल्या.

"पोट काढा, बाकीचं स्कूटरच्या डिकीत ठेवा, आणि मग माणसासारखे या."

"अहो सिस्टर, खेळण्यातलं आहे."

"मग खेळा घरी."

ह्या नियमाचे कारण मी एकदाच विचारले. "गोळी लागून टेबलावर आलेलं बघितलंय मी," त्या म्हणाल्या. "तेवढं पुरे." आणि कडी बसवण्याच्या कामाला लागल्या.

दुसरा नियम त्याहून अवघड होता. पोट दुरुस्तीला आणणाऱ्याने आपल्या बागेतला पत्राही बरोबर आणायचा. गोळ्या पत्र्यावरच झाडल्या, जनावरावर नाही, ह्याचा पुरावा म्हणून. सिस्टर पत्रा उन्हात धरत आणि त्यावरचे पोचे बोटाने चाचपत. सुरुवातीला लोक हसले. मग निमूटपणे पत्रे काखोटीला मारून येऊ लागले. एका बागायतदाराचा पत्रा अगदी कोरा निघाला.

"गोळ्या गेल्या कुठं?" सिस्टरांनी विचारले.

"नेम चुकतो हो माझा."

"नेम चुकणाऱ्यानं पिस्तूल बाळगू नये. थाळी घ्या एक. पळीनं बडवा."

त्या गृहस्थांनी खरोखर थाळी घेतली. पुढे भेटले तेव्हा थाळीने वानरे अधिक घाबरतात असे सांगत होते. पण ते खरे होते की पराभव लपवण्याची ती रीत होती, हे मला ठरवता आले नाही.

दुरुस्तीतला मला सर्वांत आवडणारा भाग पाण्याचा होता. कडी बसवून झाली की सिस्टर पोटात गॅस भरत आणि ते पाण्याने भरलेल्या पितळी घंगाळात बुडवत. मग चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून त्या पाण्याकडे पाहत बसत. कुठून बुडबुडा येतो का, येत असल्यास कोणत्या फटीतून. ह्या वेळी कोणी बोलायचे नाही. आलेले बागायतदार तोंड मिटून बसत. ज्या गावात माणसे गप्प बसण्यासाठीदेखील आधी चर्चा करतात, तिथे ओटीभर माणसे एका घंगाळाकडे टक लावून बसलेली पाहणे हा एक दुर्मीळ अनुभव होता. मी कॉलेजला जाण्याआधी मुद्दाम तिथे जाऊन बसे. जिथे न बोलणे हे चांगल्या वागणुकीचे लक्षण समजले जाते, अशा जागा मला फारशा माहीत नव्हत्या.

इथे माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी अर्थशास्त्र शिकवत असे, म्हणजे घरी लिहून नेलेले वर्गात वाचून दाखवत असे. न लिहिलेले वाक्य तोंडातून काढण्याची मला भीती वाटे. वाण्याकडे काय मागायचे, रिक्षावाल्याला कुठे वळायला सांगायचे, हे मी वाटेवर मनात दोनदा म्हणून बघत असे. सिस्टरांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखले होते.

"काय गो, ओठ कुणाशी हलवतेस?"

"काही नाही, सिस्टर."

"दूधवाल्याशी बोलायची तयारी होय? अर्धा लिटर सांगायचाय ना? त्याला ठाऊक आहे. तो रोज अर्धाच घालतो."

त्यांच्या बोलण्यात टोमणा असे. पण तो इंजेक्शनसारखा, आधी जागा पुसून दिलेला. मला त्यांचा राग येत नसे.

सिस्टरांच्या ठायी एक अंधश्रद्धा होती, आणि ती खोबरेल तेलाविषयी होती. परसात त्यांचे चार माड होते. त्या माडांचे नारळ, त्यांचे खोबरे, आणि गावातल्या घाण्यावर स्वतः उभे राहून काढून आणलेले तेल. हे तेल त्या केसांना लावत, गुडघ्यांना लावत, शिवणयंत्राला घालत, कुलपात सोडत, भाजल्यावर चोळत. आणि पोटातल्या रबरी कड्यांनाही तेच. हे चुकीचे आहे असे त्यांच्या मुंबईच्या भाच्याने फोनवर सांगितले होते. रबराला सिलिकॉनचे तेल लागते, म्हणून त्याने एक चिमुकली बाटली कुरिअरने पाठवलीही. सिस्टरांनी तिचे बूच काढून वास घेतला.

"वासच नाय ह्याला. ज्याला वास नाय त्याला गुण कसला?"

ती बाटली त्यांनी फाटकाच्या बिजागऱ्यांत रिकामी केली. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये खोबरेल भरून पोटाच्या झडपेत थेंब थेंब सोडण्याचे काम पूर्वीसारखे चालू राहिले. आणि हे सांगितले पाहिजे की ती पोटे उत्तम चालत. वर्षानुवर्षे कोणाची तक्रार आली नाही. खोबरेल तेल थिजते, हे सिस्टरांना माहीत नव्हते असे नाही. पण रत्नागिरीत ते थिजण्याइतकी थंडी पडते कुठे? पौषातल्या एखाद्या पहाटे बाटलीच्या तळाशी पांढुरके काही जमते आणि सूर्य माडाच्या शेंड्यावर येईपर्यंत विरघळून जाते. त्याला थंडी म्हणावे असे इथे कोणाला वाटत नाही.

आता नाटकाविषयी.

शेजारचे भाऊ वर्षातले सहा महिने आंब्याचे असत आणि उरलेले सहा महिने नाटकाचे. त्यांची एक हौशी मंडळी होती. नाटक तेच लिहीत, तेच बसवत, आणि मुख्य भूमिकाही बहुधा त्यांच्याचकडे असे, कारण, त्यांच्याच शब्दांत, "लेखकाला काय म्हणायचंय ते मला पटकन कळतं." त्या वर्षीच्या नाटकात एक विधवा वहिनी होती आणि तिची वर्षानुवर्षे मुस्कटदाबी करणारा दीर होता. दीर अर्थातच भाऊ. वहिनीचे काम करणाऱ्या बाईंच्या यजमानांची ऐन तालमीत बदली झाली आणि भाऊ डोक्याला हात लावून सिस्टरांच्या ओटीवर येऊन बसले.

"सिस्टर, स्पर्धा तोंडावर आली आणि माझी वहिनी गेली नागपूरला."

"बोलणं किती आहे तिला?"

"जवळजवळ नाहीच. सगळं नाटक ती गप्प असते. चहाला विचारते, हो म्हणते, नको म्हणते. शेवटच्या प्रवेशात खणातून पिस्तूल काढते, एक शब्द न बोलता मला गोळी घालते, पडदा."

सिस्टरांनी घंगाळातून मान वर न करता माझ्याकडे बोट केले. "ही आहे की. जन्मभर तालीमच करत आली आहे."

मी नाही म्हणायला हवे होते. पण नाही म्हणण्यासाठी लागणारे वाक्य जुळेपर्यंत भाऊ उठून उभे राहिले होते आणि माझे आभार मानत होते. चाळिशी उलटल्यावर, कधी गॅदरिंगमध्येही उभी न राहिलेली मी, अशा रीतीने रंगभूमीवर आले. मनाशी मी एकच ठरवले होते: ह्या एका प्रयोगात माझे हसे झाले, तर पुन्हा चार लोकांपुढे उभे राहायचे नाही. कॉलेजात ग्रंथालयाचे काम रिकामे होते. तासांऐवजी ते मागून घ्यायचे. तसा अर्जाचा विचारही मी करून ठेवला होता.

पिस्तूल भाऊंचेच होते, बागेतले. त्यात गोळ्या घालायच्या नव्हत्या, नुसता गॅस. घोडा ओढला की पिस्तुलाची वरची बाजू मागे जाणार. ते बघून ध्वनियंत्रावर बसलेला माणूस बार वाजवणार. ते ऐकून भाऊ मरणार. विंगेत फळ्या आपटण्याची जुनी पद्धत भाऊंना मान्य नव्हती. पहिल्या रांगेला पिस्तूल हललेले दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पोटाची जबाबदारी सिस्टरांनी घेतली. आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये, पत्र्याखाली घाम गाळत आम्ही तालमी केल्या, आणि पिस्तूल एकदाही चुकले नाही. पोट काढायचे कसे, तपासायचे कसे आणि परत बसवायचे कसे, हे सिस्टरांनी मला शेडच्या दाराबाहेर खुर्ची टाकून शिकवले. पिस्तूल माझ्या हातात, सूचना त्यांच्या तोंडात, आणि मध्ये उंबरा.

"पिस्तुलाची काळजी नको करू," त्या म्हणत. "ते माझं. तू फक्त उभी राहा."

स्पर्धेचे नाट्यगृह वातानुकूलित होते. यंत्रणा नुकतीच दुरुस्त झाली होती आणि ती चालते हे सर्वांना दिसावे अशा बेताने सोडलेली होती. प्रेक्षक पदर लपेटून, हात चोळत बसले होते. सिस्टर तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांची बोटे थंडीने आखडू लागली म्हणून दुसऱ्या अंकात त्यांनी पर्समधली तेलाची छोटी बाटली काढली आणि तळहातावर उपडी केली. काही आले नाही. त्यांनी बाटली दिव्याकडे धरली. आतले तेल तुपासारखे पांढरेशुभ्र बसले होते. हे त्यांनी मला नंतर सांगितले. त्या क्षणी आपल्याला काय वाटले हे मात्र सांगितले नाही. एवढेच म्हणाल्या की इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण ऑपरेशन चालू असताना कधी जागा सोडली नव्हती, म्हणून इथेही सोडली नाही.

मला ह्यातले काही ठाऊक नव्हते. शेवटच्या प्रवेशात मी खण उघडला, पिस्तूल काढले, भाऊंच्या छातीवर रोखले आणि घोडा ओढला.

काही झाले नाही. बारीकसा 'टक्' असा आवाज आला, जणू कोणी तरी दाराबाहेरून अदबीने विचारत होते. मी पुन्हा ओढला. पुन्हा टक्. ध्वनियंत्रावरचा माणूस पिस्तुलाकडे बघत होता. पिस्तूल हलले नाही, म्हणून तोही हलला नाही. भाऊ छातीवर हात नेण्याच्या तयारीत उभे होते. त्यांनी ओठ न हलवता विचारले, "मरू का?"

सभागृहात शांतता होती. आणि त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला.

"काखेत धर गो. पोट."

लोक हसले. कोणी तरी श्श् केले. मला कारण कळले नाही. पण सिस्टर सांगतात ते करायचे, ही सवय हाताला होती. मी कळ दाबली, मॅगझिन तळहातावर घसरले, आणि ते मी पदराआड काखेत धरले. ते बर्फासारखे लागले. आता ते ऊब धरेपर्यंत मला काहीतरी करायला हवे होते. प्रेक्षकांना दिसत होते ते इतकेच, की ह्या बाईने पिस्तूल रिकामे केले. म्हणजे तिने दिराला जीवदान दिले. भाऊंनाही तसेच वाटले असावे. त्यांनी जरा मोठ्याने, भूमिकेत राहून म्हटले, "वहिनी, मग मी जाऊ?"

"थांबा," मी म्हणाले.

नाटकात हा शब्द नव्हता. तो कोणी लिहिलेला नव्हता, आणि मी वाटेवर म्हणून पाहिलेला नव्हता.

"इतकी वर्षं मी थांबले. तुम्ही जरा वेळ थांबा."

मागच्या कुठल्याशा रांगेतून एका बाईंनी टाळी वाजवली. एकच, पण खणखणीत. पुढचे सगळे त्या टाळीमुळे झाले असे मला अजून वाटते. मी बोलू लागले. ह्या घरात साखर किती घालू एवढेच विचारत आले, असे काहीसे म्हणाले. दारात आलेल्या माणसाला काय सांगायचे ते आत उभे राहून मनात म्हणून बघते, आणि बाहेर येईपर्यंत माणूस निघून गेलेला असतो, असे म्हणाले. ते वहिनीचे होते की माझे, हे मला तेव्हा कळत नव्हते. काखेत धातू हळूहळू कोमट होत होता, आणि मी त्याच्याकडे लक्ष द्यायचे विसरले होते. शेवटी आठवण झाली तेव्हा मी ते काढले, पिस्तुलाच्या मुठीत सरकवले, आणि घोडा ओढला.

पिस्तूल खटकन हलले, बार झाला, आणि इतका वेळ ताटकळलेले भाऊ अत्यंत मनापासून मेले.

रंगपटात पहिल्या आल्या त्या सिस्टर. मला वाटले, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी हात पुढे केला तो मॅगझिनसाठी. झडपेवर नखाने खरवडून त्या म्हणाल्या, "थिजलं. तेल थिजलं. माझ्या हातून असं झालं नव्हतं गो कधी." त्यांचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात अंगावरची धूळ झटकत भाऊ आले. ते रागावलेले असणार, असे आम्हा दोघींनाही वाटत होते. पण त्यांच्या मागून स्पर्धेचे एक परीक्षक आले होते, आणि नियम मोडून ते सांगत होते की शेवटचे स्वगत हा लेखनाचा उत्तम नमुना आहे.

भाऊंनी नम्रपणे मान लववली. "ते मला एका बैठकीत सुचलं," ते म्हणाले.

"उभ्यानं," सिस्टर म्हणाल्या.

नाटकाला बक्षीस मिळाले नाही. पण राजापूरहून एका प्रयोगाचे आमंत्रण आले. मधल्या काळात सिस्टरांनी आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी शरणागती पत्करली. भाच्याला फोन करून त्यांनी त्या बिनवासाच्या तेलाची दुसरी बाटली मागवली. आधी घरातले एकूण एक पोट उघडून त्यांनी खोबरेल पुसून काढले, नवे तेल घातले, आणि मग सगळी पोटे फ्रिजमध्ये ठेवली, सोलकढीच्या भांड्याशेजारी. तिथून बाहेर काढून त्या ती तशीच गार, फाटकाबाहेर उभ्या असलेल्या भाऊंच्या हातात देत. भाऊंनी पिस्तुलात घालून घोडा ओढायचा. वाजले की सिस्टर मान हलवत. ओटीवर पत्रे घेऊन बसलेल्या बागायतदारांना त्यांनी ह्याचे कारण सांगितले नाही. एकाने फ्रिज उघडा पाहून विचारलेच, "हे काय सिस्टर, पोटांना आइसक्रीम?" तर म्हणाल्या, "आयसीयूत बोलू नये."

भाऊ माझ्या मागे लागले होते, की ते स्वगत लिहून द्या. मी प्रामाणिक प्रयत्न केला. टेबलाशी बसले, कागद घेतला, आणि एक ओळ आठवेना. सिस्टरांना विचारले, की मी काय बोलले होते?

"मला काय विचारतेस? माझं लक्ष तुझ्या काखेकडं. ऊब पोहोचते की नाय ते बघत होते मी."

शेवटी भाऊंनी निर्णय दिला. आठवत नाही तर जाऊ दे, मूळच्या संहितेप्रमाणेच करू. एक शब्द न बोलता गोळी, पडदा. मी सुटकेचा श्वास सोडला, निदान सोडायला हवा होता.

राजापूरचा प्रयोग दुपारचा होता. सभागृहात पंखे होते, आणि बाहेर अर्जुना नदीच्या काठावरची हवा पेटल्यासारखी होती. तेल थिजण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही सिस्टर पुढच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. आज पिस्तूल वाजले नाही तर पूर्णगडापासून राजापुरापर्यंत आपले नाव जाईल, हे त्यांनी टेम्पोत येताना दोनदा बोलून दाखवले होते.

शेवटच्या प्रवेशात मी खण उघडला. पिस्तूल काढले, रोखले. बोट घोड्यावर ठेवले. पोट उत्तम होते; मुठीतून ते भरलेले, तयार, जड लागत होते. ध्वनियंत्रावरचा माणूस पुढे झुकला होता. भाऊंनी छातीकडे न्यायला हात सैल सोडला होता.

मी घोडा ओढला नाही.

पुढच्या रांगेत सिस्टरांची पर्स खाली पडली. "काखेत," त्या म्हणाल्या. ह्या वेळी हळू, पण मला ऐकू गेले. मी त्यांच्याकडे पाहून किंचित मान हलवली. नको. भाऊ ओठ न हलवता विचारत होते, "अडकलं?"

"थांबा," मी म्हणाले.

पिस्तूल रोखलेले ठेवूनच मी बोलले. काय बोलावे ह्याचा विचार केला नव्हता. पहिल्या वेळचे काही त्यात आले असेल. पुष्कळसे नवे होते. एका जागी अडखळले, आणि अडखळल्यावर काही वाईट झाले नाही. भाऊ ऐकत होते. अभिनय सोडून, तोंड किंचित उघडे ठेवून ऐकत होते. मला जे म्हणायचे होते ते म्हणून झाल्यावर मी घोडा ओढला आणि पिस्तूल पहिल्याच ओढीला वाजले. भाऊ पडायला थोडे विसरले, आणि मग पडले.

परतीच्या टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी भाऊ बसले होते. मागे पडद्यांच्या गुंडाळ्या, दोन खुर्च्या, वहिनीचे टेबल, आणि त्या टेबलाच्या दोन बाजूंना सिस्टर आणि मी. उन्हे उतरली होती. ड्रायव्हरने मोठ्याने रेडिओ लावला होता. सिस्टरांनी माझ्याकडून मॅगझिन घेतले, उलटसुलट करून पाहिले, कानाशी धरले, आणि गॉजमध्ये गुंडाळले.

"काय बिघडलं होतं?" त्यांनी विचारले.

"काही नाही."

"पहिल्यांदा ओढलास तेव्हा वाजलं नाय ना?"

"पहिल्यांदा ओढलाच नाही मी."

"का?"

"मला बोलायचं होतं."

सिस्टरांचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो पडल्यावर त्या नेहमीसारख्या रागावतील असे मला वाटले. पण त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा घातला.

"मी नाय ऐकलं," त्या म्हणाल्या. "तेव्हाही नाय, आजही नाय. दोन्ही वेळा माझं सगळं लक्ष त्या मेल्या पोटाकडं. सांग बघू काय बोललीस ते."

"आत्ता?"

"मग कधी? पाठ करून ठेवणार आहेस?"

टेम्पो वळणे घेत होता, टेबल थोडे थोडे सरकत होते. मी ते एका हाताने धरले आणि सुरुवात केली. रेडिओमुळे मला माझाच आवाज नीट ऐकू येत नव्हता, तरी मी थांबले नाही. सिस्टर टेबलावरून पुढे वाकल्या. कानामागे तळहात धरून त्यांनी दोन वाक्ये ऐकली, आणि मग मागे वळून ड्रायव्हरच्या पाठीमागची खिडकी ठोठावली.

"भाऊ, तो रेडिओ बंद करायला सांगा त्याला. ही बोलत्येय."